व्हाया सिंगापूर

दिल्लीहून मदुराईला जाताना वाटेत सिंगापूर लागत नाही. एवढा भूगोल बी.कॉम. झालेल्या माणसालाही येतो. पण स्टेट बँकेतल्या काहींनी रजा-प्रवास सवलतीत दिल्ली, मदुराई, कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो आणि दिल्ली अशी प्रदक्षिणा घातली, आणि बिलं पास झाली! करमाफी फक्त देशातल्या प्रवासाला, तीही जवळच्या वाटेने, हे सांगायला नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं.

आता आमच्या रत्नागिरीची गोष्ट ऐका. ऐन पावसात आमचे शिपाईकाका कागदपत्रं घेऊन एस.टी.ने राजापूरला गेले. तिकिटाचा खिशात लगदा झाला. वरच्या कचेरीतून बिल परत: 'मूळ तिकीट जोडावे.'

काका म्हणाले, "अहो, मी गेलो नाही तर कागद काय पोहत गेले?"

त्याच महिन्यात साहेबांचा दौऱ्याचा भत्ता मात्र नुसत्या सहीवर मंजूर. म्हणजे पगार मोठा तसा शब्दालाही भाव जास्त!

मी काही हरिश्चंद्र नव्हे. संगमेश्वरला सासुरवाडीत आंबे खात बसून कन्याकुमारीचं टॅक्सीबिल कसं मिळवतात, मला ठाऊक आहे. ती लबाडीच; वसूल करा. पण संशय घ्यायचाच तर मोठ्या आकड्यापासून घ्या ना! नाहीतर काकांचीही सही चालवून घ्या.

शेवटी आम्ही वर्गणी काढली. काकांनी हात लावला नाही. "मी माझे पैसे मागितलेले, भीक नाही."

ती वर्गणी माझ्या खणात पडून आहे. सस्पेन्स खात्यात टाकावी म्हटलं, तर त्यालाही व्हाउचर लागतं.