यादीत आधी मीठ-साखरेचं पाणी, मग रॉकेट

आधुनिक काळातली सर्वांत मोलाची कामगिरी कोणती, असा प्रश्न कुठल्याही मेसमध्ये टाका. पहिल्या पाच मिनिटांत उत्तरं ठरलेली असतात : चंद्रावरचं पाऊल, अणुबॉम्ब, इंटरनेट, जेट इंजिन. जरा वाचणारा कुणी असेल तर तो आइन्स्टाइन आणि पिकासो जोडतो. आमच्या कोर्सच्या ग्रुपवर दर सव्वीस जानेवारीला अशी यादी फिरते आणि दर वर्षी त्यावर अंगठे उमटतात. दुसऱ्या बाजूला एक वेगळी पलटण असते. तिचं म्हणणं एवढंच, की हे सगळं आपल्याकडे आधीच होतं.

या दोन्ही पलटणींशी माझं भांडण आहे. मी यंत्रांचा शत्रू नाही. ज्यानं बर्फातल्या पोस्टवर हेलिकॉप्टरची वाट पाहिली आहे तो यंत्राला कमी लेखणार नाही. पण या याद्या उंची मोजतात, पोहोच मोजत नाहीत. जे सर्वांत वर गेलं ते सर्वांत मोलाचं, असा त्यांचा हिशोब आहे. फौजेत आपण असं मोजत नाही. रसद डेपोत किती आहे याला किंमत नसते, शेवटच्या पोस्टवर किती पोहोचली याला असते.

म्हणून माझ्या तीन कसोट्या. एक, ती गोष्ट शेवटच्या माणसाच्या हातात जाऊन चालते का? दोन, तज्ज्ञ उठून गेल्यावरही चालते का? तीन, तिच्यात चूक असेल तर ती पकडायची सोय तिच्यातच ठेवलेली आहे का? या कसोट्यांवर मी तीन कामगिऱ्या निवडतो. तिन्हींपैकी एकही परेडमध्ये दाखवता येत नाही.

पहिली, ओआरएस. हसू नका. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश फौजेचे सुमारे २१ हजार लोक मेले, त्यांतले सुमारे १६ हजार आजारानं. विसाव्या शतकापर्यंत बहुतेक सैन्यांची हीच कथा होती : शत्रूपेक्षा हगवण, टायफॉइड आणि कॉलरा यांनी जास्त माणसं मारली. कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. नुसतं पाणी पाजलं तर आतडं ते धरून ठेवत नाही. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं मांडलं की आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत शिरतात. त्यांच्यामागोमाग पाणीही जातं. म्हणजे मिठाला साखरेची सोबत दिली, की पाणी अंगात टिकतं. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन केंद्रात डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी हे रुग्णांवर सिद्ध केलं. तरीही मोठे डॉक्टर म्हणत राहिले, की सलाईनची बाटली आणि हॉस्पिटल याशिवाय हे काम सोपवणं धोक्याचं.

मग आलं १९७१. माजी सैनिकांना विचारतो : लोंगेवाला, हिली, बसंतर, आयएनएस खुकरी. ही नावं तुम्ही झोपेतही सांगाल, सांगायलाच हवीत. बनगाव सांगाल का? पश्चिम बंगालच्या सीमेवरचं हे गाव. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते, छावण्यांत कॉलरा पसरला होता आणि सलाईन संपत आली होती. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या कोलकात्यात करून घेतल्या. पाणी ड्रममध्ये कालवलं आणि रुग्णाच्या आईबापांच्या, भावंडांच्या हातात पेला दिला. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. छावणीत मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. ज्या युद्धाच्या विजयदिनाला आपण दर वर्षी पुष्पचक्र वाहतो, त्याच वर्षी, त्याच सीमेवर ही लढाई जिंकली गेली.

पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं एक कोटीहून जास्त घरांत जाऊन आयांना शिकवलं : मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईचा मेहनताना ठरायचा तो तिनं किती घरं केली यावर नाही, तर नंतर तपासणीत आईला किती आठवतं यावर. आपल्या ट्रेनिंग सेंटरांनी हा नियम लावला तर कित्येक इन्स्ट्रक्टरांचे पगार निम्म्यावर येतील. माझ्या तिन्ही कसोट्या इथे पूर्ण होतात. आणि महालनोबीसांना पद्मविभूषण कधी मिळालं? २०२३ साली, मरणोत्तर. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते गेले होते. एकावन्न वर्षं आपण उंची मोजत बसलो होतो.

दुसरी कामगिरी, मतदारयादी. नियम मला पक्षांवर बोलू देत नाहीत आणि मला बोलायचंही नाही. मी यादीवर बोलतोय. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. देशाची साक्षरता होती अठरा टक्के. शहाण्यासुरत्या लोकांचा सल्ला होता की आधी शिकवा, मग मत द्या. स्वित्झर्लंडसारख्या देशानं बायकांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क दिला तो १९७१ मध्ये. आपण पहिल्याच दिवशी सगळ्यांना दिला. 'ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपलं भलं-बुरं कळतं' हा विचार, माझ्या मते, अणूच्या सिद्धांतापेक्षा कमी धाडसाचा नाही.

पण नुसता विचार मांडून भागत नाही. तो उतरवला निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी, आणि हा माणूस मूळचा गणिताचा. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चिन्हं आली, उमेदवारागणिक वेगळी पेटी आली. याद्या करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला : अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच लिहा म्हणाल्या. सेन यांनी ते चालवून घेतलं नाही. सुमारे २८ लाख नावं त्या खेपेला वगळली गेली. निर्णय कठोर होता. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बाईला सरकारी कागदावर स्वतःचं नाव लागू लागलं. चूक सुधारायची सोय यादीतच होती : हरकत घ्या, नाव घाला, दर पाच वर्षांनी सरकारही बदला.

अरुणाचलच्या अंजाव जिल्ह्यात मालोगाम नावाची वस्ती आहे. २०१९ मध्ये तिथल्या एका मतदार बाईसाठी मतदान केंद्र उभं राहिलं आणि मतदानाची तुकडी डोंगर चढून गेली. त्या भागात ज्यांनी लाँग रेंज पेट्रोल केलं आहे त्यांना त्या चढाचा अर्थ कळेल. माझा एक कोर्समेट म्हणतो, "अरे, एका मतासाठी एवढा खर्च? हा वेडेपणा आहे." त्याला माझं उत्तर असं : मित्रा, एका निर्मनुष्य शिखरासाठी आपण काय काय खर्च करतो ते तुला आणि मला चांगलं माहीत आहे. त्याला तू वेडेपणा म्हणत नाहीस. शेजारच्या देशांत रणगाडे रेडिओ स्टेशनकडे वळले, आपल्याकडे कधी वळले नाहीत. याचं श्रेय आपण आपल्या शिस्तीला देतो, ते रास्तच आहे. पण शिस्त कुणाचा तरी हुकूम मानते, आणि तो हुकूम देण्याचा हक्क याच यादीतून येतो.

तिसरी निवड 'सगळं आपल्याकडे होतं' म्हणणाऱ्यांसाठी. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. ते पुरं झालं १९६६ मध्ये. वि. स. सुकथनकर केंब्रिजमध्ये गणित शिकलेले, बर्लिनमध्ये भाषाशास्त्राची शिस्त घेतलेले. १९४३ मध्ये ते गेले. पुढे बेलवलकर आले, वैद्य आले, काम थांबलं नाही. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, शारदेपासून मल्याळमपर्यंत नाना लिप्यांतल्या १२५९ हस्तलिखितांचा ताळा घेतला गेला. ओळीला ओळ लावून पाहिली. जे जुन्या पोथ्यांत सर्वत्र सापडतं ते वर, जे नंतर शिरलं असावं ते तळटीपेत किंवा परिशिष्टात.

गणपती लेखनिक झाला ही लहानपणापासून ऐकलेली कथा मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. ज्यांनी ती खाली नेली ते श्रद्धेचे वैरी नव्हते. पुरावा जिथे घेऊन जाईल तिथे जायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. आणि काहीही फेकून दिलं नाही. उद्या कुणाला संपादकांचा निर्णय पटला नाही, तर त्याला उलट निर्णय घेण्यासाठी लागणारा सगळा मालमसाला त्याच पानावर खाली छापलेला आहे. ज्यांना पूर्वजांचा खरा अभिमान आहे त्यांनी पूर्वज नेमकं काय म्हणाले हे शोधायचे कष्ट घेतले. ते कष्ट आधुनिक आहेत आणि आपल्या मराठी मुलखात घेतले गेले. २००४ मध्ये याच संस्थेवर जमाव चालून गेला, पुस्तकं आणि पोथ्या विस्कटल्या. एनडीएतून रविवारी लिबर्टीवर सुटलेला कॅडेट डेक्कनला जातो. ही संस्था तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आजवर किती कॅडेटांना कुणी हे सांगितलं?

आता आक्षेप. मग कला कुठे गेली? गाणं, चित्र, कादंबरी? ती मोलाची आहेतच. पण गाणं गोड असतं म्हणून लोक ते आपणहून जपतात. मीठ-साखरेच्या पाण्याचं, मतदारयादीचं आणि तळटीपेचं कुणी गुणगुणत नाही. त्यांना पहारा लागतो.

पहारा सुटला की काय होतं तेही पाहा. आपल्या देशात ओआरएस हे नाव लावून गोड पेयं दुकानांत राजरोस विकली जात होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं त्या नावाला मनाई केली. जास्त साखरेनं जुलाब वाढतात. म्हणजे जीव वाचवणाऱ्या शोधाच्या नावाखाली त्याच्या उलट वस्तू लेकरांच्या तोंडी जात होती, आणि आपण चंद्राचे फोटो फॉरवर्ड करत होतो. जगभरात आजही पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत अतिसार आहे. यादीत नाव नसलेल्या गोष्टीचं रक्षण कुणी करत नाही, हा माझ्या भांडणाचा मुद्दा आहे.

तेव्हा गावी परतलेल्या सुभेदार साहेबांना, हवालदारांना, माझ्या वयाच्या आणि माझ्याहून ज्येष्ठ अधिकाऱ्यांना विनंती. शाळेत पंधरा ऑगस्टला तुम्हाला बोलावतात, मुलं तुमच्या पदकांकडे बघतात आणि तुम्ही बोलाल ते ऐकतात. युद्धकथा जरूर सांगा. त्यातली दहा मिनिटं बनगावला द्या आणि पुडी एक लिटर पाण्यात कशी कालवायची ते मुलांसमोर करून दाखवा. मतदारयादीत गल्लीतल्या प्रत्येक बाईचं नाव आहे का, ते बघा. पुण्यात असाल तर नातवाला भांडारकरमध्ये घेऊन जा आणि तळटीप म्हणजे काय ते दाखवा. रॉकेट त्याला कुणीही दाखवेल.