दान नव्हे, पट्टी

अमली पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय नियंत्रणाचा खर्च मूठभर श्रीमंत राष्ट्रे आपण होऊन उचलतात. हा त्यांचा उदारपणा होय. ज्याच्या थैलीतून पैसा निघतो त्यानेच तो कोठे लागावा हे ठरवावे, यात वावगे काही नाही. जेथे अफू पिकते त्या देशांनी उपकार स्मरून हात जोडावेत. आणि सक्ती केल्यास हे दाते उठून जातील, हे कोणी विसरू नये, असा सिद्धान्त परवा केडगावातील एका व्याख्यानात एका विद्वान गृहस्थांनी मांडला आणि त्यावर टाळ्याही मिळवल्या. टाळ्यांबद्दल आमची तक्रार नाही. व्याख्यानानंतर चहा होता. तक्रार आहे ती ‘दाता’ या शब्दाबद्दल.

आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे, अशी दानाची व्याख्या आमचे धर्मशास्त्र करते. ज्याचे पूर्वीचे देणे बाकी आहे त्याने दिलेला पैसा दान होत नाही, त्याला फेड म्हणतात. आणि या प्रकरणातील बाकी केवढी आहे हे पाहावयाचे तर जुनी दप्तरे उघडावी लागतात. बंगालकडील अफूचा मक्ता कंपनी सरकारने 1773 सालीच आपल्या हाती घेतला होता. माळव्याची अफू मात्र शिंदे-होळकरांच्या मुलखात पिके, तेथे मक्ता चालेना. तेव्हा मुंबई बंदरातून चीनकडे जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर रहदारीचा परवाना लादण्यात आला, आणि 1843 साली सिंध घशात घालून कराचीची आडवाट बंद होताच, पूर्वी 125 रुपयांना मिळणारा हा परवाना 1847 पर्यंत 400 रुपयांवर जाऊन बसला. चीनच्या बादशहाने हा माल नको म्हटला तेव्हा त्याची समजूत तोफांनी घालण्यात आली, एकदा 1839 साली आणि पुन्हा 1856 साली. हिंदुस्थान सरकारच्या वसुलाचा सुमारे सातवा हिस्सा एके काळी या काळ्या गोळ्यातून निघत असे. घरच्या आघाडीवर तीच अफू सरकारी परवान्याच्या दुकानांतून विकली जाई, आणि मुंबईच्या गिरणीत जाणारी आई तिचीच बाळगोळी चाटवून तान्ह्याला दिवसभर निजवीत असे. पुढे चीनकडील निर्यात वर्षानुवर्षे घटवण्याचा करार झाला, त्या 1907 सालीच गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात, चीनच्या अधःपातावर उभ्या असलेल्या या उत्पन्नाची आपल्याला नेहमीच शरम वाटत आली, असे सांगून होणाऱ्या तुटीचे स्वागत केले. ती तूट सोसली कोणी? हिंदुस्थानच्या खजिन्याने, म्हणजे येथल्या रयतेने. ज्या राज्यकर्त्यांनी हा बाजार मांडला त्यांचे वारस आज दात्यांच्या यादीत झळकतात, आणि आम्ही त्यांना हार घालावेत असे व्याख्याते सुचवतात! आमच्या मुंबईचे शेटसावकारही या व्यापारात मालामाल झाले, हे मात्र लपवण्याचे कारण नाही. त्याचा उपयोग आम्हांला पुढे होणार आहे.

आता ‘पैसा ज्याचा, हुकूम त्याचा’ या न्यायाविषयी. 1971 साली संयुक्त राष्ट्रांनी या कामासाठी ऐच्छिक देणग्यांचा निधी उभारला, अमेरिकेने त्यात पहिले 20 लाख डॉलर घातले, आणि तेव्हापासून आजच्या व्हिएन्नातील कार्यालयापर्यंत कारभार मुख्यतः अशाच पैशावर चालतो, ज्याच्या बहुतेक रकमेवर ‘अमुक देशात, अमुक कामासाठीच’ अशी चिठ्ठी डकवलेली असते. आमच्या केडगावच्या रेणुकामातेच्या नवरात्राची गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही: नाव कोरलेली घंटा द्यायला कोणत्याही देवस्थानात दहा जण पुढे येतात, यात्रेनंतरच्या झाडलोटीला नाव कोरता येत नाही म्हणून तिला दाता मिळत नाही. फार वर्षांपूर्वी वर्गणीच्या एका बैठकीत, ज्याची रक्कम मोठी त्याच्या दारावरून पालखी न्यावी, असा ठराव एका सज्जनाने आणला होता. आम्ही त्याला विरोध केला, आणि तेव्हापासून ते आमच्याशी बोलत नाहीत. परवाच्या व्याख्यानाला ते पहिल्या रांगेत होते.

हात जोडण्याचे म्हणाल, तर मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील शेतकरी परवाना घेऊन अफू पिकवतो, तिचा चीक सरकारी काट्यावर मोजून देतो, नीमच आणि गाझीपूरच्या कारखान्यांकडे ती जाते, आणि तिच्यातील औषधी द्रव्य देशोदेशीच्या रुग्णांची वेदना शमवते. हा माल चोरवाटेला जाऊ नये म्हणून कराव्या लागणाऱ्या राखणीचा खर्च भारत करतो, पण तो कोणत्याही देणगीच्या वहीत चढत नाही. आमचा नगर जिल्हा साखर कारखान्यांचा. मळीपासून अल्कोहोल, त्यापासून ॲसेटिक आम्ल आणि त्यापासून ॲसेटिक ॲनहायड्राइड होते, जे हेरॉइन करणाऱ्यांना हवे असते. 1993 पासून सरकारी हुकमान्वये त्याचा हिशेब ठेवण्याचा खटाटोपही आमचाच.

दाते उठून जातील, या भयाला एकच उत्तर: 1925 साली जिनिव्हाच्या अफू परिषदेतून अमेरिका उठून गेली होती, तरी करार झाला आणि देखरेखीचे मंडळही बसले.

मग करावे काय? गावकीत जे करतात तेच. संयुक्त राष्ट्रांचा सर्वसाधारण खर्च राष्ट्रांच्या ऐपतीप्रमाणे आकारला जातो. हाही खर्च त्याच पट्टीत घालावा, व्यसनाचा बाजार ज्याच्या घरी मोठा त्याचा आकार वाढवावा, राखणीवर झालेला खर्च ज्याचा त्याला वजा द्यावा, आणि रकमेला चिठ्ठी डकवण्यास मनाई असावी. बाजाराचे माप कसे घ्यावे हा प्रश्न अवघड आहे, हे आम्ही मान्य करतो. भारतानेही आपला हिस्सा कुरकुर न करता भरावा, कारण मुंबईच्या त्या शेटसावकारांचे आम्हीही वारस आहोत.

व्याख्यात्यांना एवढीच विनंती, की पुढच्या खेपेस त्यांनी ‘दाता’ हा शब्द घरी ठेवून यावे. चहाची वर्गणी आम्ही भरू.