ओसरीवरून : न दिसणारा उजेड

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरांत चिकूंवरून मोठाच कलह माजला. परसांतील झाडावरचे चिकू हातास मऊ लागूं लागले, म्हणजे उद्यां उतरूं असें ठरावें, आणि सकाळीं पाहावें तो नेमके तेवढेच नाहींसे झालेले! असें चार वेळां झालें. आमच्या मातोश्रींचें वय सत्त्याऐंशीं. त्यांची दृष्टि मंद झाली असली तरी संशय मंद झालेला नाहीं. शिंपणीस येणाऱ्या गड्यावर त्यांचा रोख गेला आणि "उद्यांपासून येऊं नको म्हणून त्याला सांग," असा मला हुकूम झाला. हा गडी अकरा वर्षें आमच्याकडे येत आहे. पुराव्यावांचून एखाद्याची भाकर तोडणें मला पटेना, आणि मातोश्रींचा शब्द मोडणेंहि जमेना. दोन दिवस मीं आज-उद्यां करून काढले.

हा तिढा सोडविण्याचें माझ्या पुतण्यानें मनावर घेतलें. तो पुण्यास नोकरीस असतो. नाताळच्या सुटींत घरीं आला तो रात्रीं पाहण्याची एक दुर्बीण व तिच्या जोडीची एक बॅटरी घेऊनच. मीं ती बॅटरी हातांत घेऊन कळ दाबली, उजेड पडेना. पुन्हां दाबली, उलटी करून कांचेंत डोकावून पाहिलें, आणि बिघडलेली आहे म्हणून परत दिली. तो हंसून म्हणाला, "बिघडलेली नाहीं, काका. तिचा उजेड आपल्याला दिसत नाहीं, दुर्बिणीला दिसतो."

रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्हीं मागच्या खोलीची खिडकी गांठली. थंडी म्हणून तावदान लावलेलें होतें. दुर्बिणीला डोळा लावला तों समोर नुसता पांढरा भडका. झाड नाहीं कीं गडगा नाहीं. बॅटरीचा उजेड तावदानावर आपटून परत दुर्बिणींत शिरत होता. रात्रीं घरांत दिवा असतांना खिडकीच्या कांचेंत आपलेंच तोंड दिसतें, त्यांतलाच हा प्रकार. तावदान उघडलें मात्र, आणि सारें परस पुढें उभें राहिलें. परंतु काय विलक्षण तें रूप! वृंदावनांतील तुळस दुधासारखी पांढरी. चिकूचें झाड हिमानें माखल्यासारखें. दोरीवर वाळत घातलेलें मातोश्रींचें गर्द काळें लुगडें राखाडी, जवळजवळ पांढरें. हिरवीं पानें या उजेडाचा बराच मोठा भाग परत फेंकतात, आणि पुष्कळशा काळ्या रंगांना तो शोषून घेतां येत नाहीं, म्हणून असें दिसतें. मधूनच एखादा पतंग तुळशीवरून गेला कीं ठिणगी उडाल्यासारखी वाटे. उत्तररात्रीं धुकें उतरूं लागलें तेव्हां त्याचाच पडदा पांढरा होऊन पलीकडचें दिसेनासें झालें.

आम्ही असे खिडकीशीं गुंतलेलों असतां मागें काय चाललें आहे याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. पुतण्यानें बॅटरी क्षणभर मेजावर ठेवली होती, ती चालूच. माझी सात वर्षांची नात झोप येईना म्हणून उठून आली. त्या बॅटरीच्या कांचेंत अगदीं मंद, विझत्या निखाऱ्यासारखा एक तांबडा ठिपका दिसतो. मुलीला त्याचें नवल वाटलें. तिनें बॅटरी उचलून डोळ्याशीं धरली आणि टक लावून आंत पाहूं लागली. पुतण्याची नजर गेली तसा तो जवळजवळ ओरडलाच व त्यानें बॅटरी हिसकावून घेतली. पोर रडूं लागली, मातोश्री जाग्या झाल्या, आणि एवढ्याशा तांबड्या ठिपक्यासाठीं मुलीच्या अंगावर ओरडायचें काय कारण, म्हणून आम्हां दोघांनाहि बोलणीं बसलीं.

कारण पुतण्यानें मला मागाहून सांगितलें, आणि माझ्या पोटांत धस्स झालें. प्रखर उजेड डोळ्यांवर आला कीं पापणी आपोआप मिटते, बाहुली आकसते, आपण तोंड फिरवितों. डोळ्याचें हें संरक्षण जागें होतें तें उजेड दिसतो म्हणून. हा उजेड दिसतच नाहीं. त्यामुळें पापणी मिटत नाहीं, उलट अंधारांत बाहुली पूर्ण उघडी असते, आणि डोळ्यांतील भिंग तो किरण आंतल्या पडद्यावर एकवटतें. बॅटरी जोरकस असली, विशेषतः लेसर जातीची असली, तर तो पडदा भाजूं शकतो. आणि त्यास वेदना नसल्यामुळें भाजतांना समजतहि नाहीं. कांच वितळविणाऱ्या भट्ट्यांपुढें वर्षानुवर्षें काम केलेल्या कामगारांना एक विशिष्ट मोतीबिंदू होतो, हें वैद्यकास जुनेंच ठाऊक आहे. तें याच जातीच्या किरणांचें काम. दुसऱ्या दिवशीं नातीला घेऊन तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलों. सुदैवानें कांहीं इजा झालेली नव्हती. जातांना वाटेंत मला एकच गोष्ट टोंचत होती: आदल्या दिवशीं दुपारीं मींहि बॅटरीच्या कांचेंत असाच डोकावलों होतों. सात वर्षांच्या मुलीला समज नव्हती म्हणावें, तर सबंध आयुष्य शाळेंत घालविलेल्या मास्तराला कोणती होती?

या किरणांस आपल्या पाठ्यपुस्तकांत 'अवरक्त' म्हणतात. शब्द चांगला आहे. रक्त म्हणजे तांबडा, त्याच्या खालचे ते अवरक्त. सन १८०० मध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदास ते प्रथम सांपडले. हा गृहस्थ मूळचा संगीतज्ञ. १७८१ सालीं युरेनस ग्रह शोधून काढणारा तोच. सूर्याचें निरीक्षण करतांना निरनिराळ्या रंगांच्या कांचांमधून उष्णता कमी-अधिक येते असें त्यास आढळलें, म्हणून लोलकानें सूर्यप्रकाशाचे रंग पसरून त्यानें एकेका रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. पारा जांभळ्यापेक्षां तांबड्यांत अधिक चढला. आणि तांबड्याच्याहि पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं तेथें ठेवला, तर आणखी चढला! डोळा ज्याला नाहीं म्हणतो त्याची साक्ष अशी पाऱ्यानें दिली.

हें वाचतांना मला न्यायशास्त्राचे जुने पाठ आठवले. नैयायिकांनीं तेजाचे प्रकार पाडतांना असें एक तेज मानिलें आहे कीं ज्याचा स्पर्श प्रकट आहे, पण रूप प्रकट नाहीं. त्यास ते 'अनुद्भूतरूप' म्हणतात व उदाहरण देतात ऊन पाण्यांतील तेजाचें. हात भाजतो, पण दिसत कांहीं नाहीं. यावरून आपल्या पूर्वजांना अवरक्त किरण ठाऊक होते असा डांगोरा पिटणारे लोक निघतील. त्यांत मी नाहीं. त्यांच्याजवळ लोलक नव्हता, मापक नव्हता. परंतु दिसत नाहीं म्हणजे नाहींच असें त्यांनीं म्हटलें नाहीं, एवढें श्रेय त्यांना द्यावयास हरकत नसावी.

आतां दुर्बिणीविषयीं. आपला डोळा सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी पाहतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. या बॅटऱ्या बहुधा ८५० किंवा ९४० नॅनोमीटरच्या असतात. ८५० ची असली म्हणजे तो तांबडा ठिपका दिसतो. ९४० ची असली तर तोहि दिसत नाहीं, पण दुर्बिणीलाहि ती कमी दिसते, त्यामुळें तिची मजल तोकडी पडते. आमची दुर्बीण कॅमेऱ्याच्या जातीची, म्हणून तिला दोन्ही चालतात. सैन्यांत वापरतात ती नळी निराळी. तिच्यांत ताऱ्यांचा क्षीण प्रकाशहि एका पातळ थरावर पडून विद्युत्कण बाहेर पडतात, त्यांची संख्या हजारों पटींनीं वाढविली जाते, आणि ते पडद्यावर आपटून हिरवट चित्र उमटतें. अशा नळ्यांतील उत्तम जातीच्यांनाहि ९०० च्या पुढें फारसें दिसत नाहीं. तेव्हां त्यांच्या जोडीला ९४० ची बॅटरी घेणें म्हणजे पैसे पाण्यांत. तिसरी जात अंगच्या उष्णतेवरून पाहणारी. तिला बॅटरी लागतच नाहीं, आणि लावली तरी उपयोग नाहीं, कारण ती पाहते त्या लहरी याहून कितीतरी लांब असतात. आपल्या सह्याद्रींतील चापडा साप डोळा व नाकपुडी यांच्यामधील खांचेनें उंदराची ऊब ओळखतो, तो या तिसऱ्या जातींत धरावा.

दुकानदार हे तिन्ही प्रकार एकाच नांवाखालीं दाखवितात, म्हणून हा विस्तार केला.

आमच्या पाहण्याची दुसरी मौज सकाळीं कळली. शेजारचे वकीलसाहेब दंतधावन करीत गडग्याशीं आले आणि विचारते झाले, "गुरुजी, काल रात्रीं तुमच्याकडे कांहीं कार्य होतें काय? एवढा लखलखाट कशासाठीं?" आम्ही चकित! आम्हीं तर घरांतील दिवेसुद्धां मालवले होते. उलगडा असा झाला कीं, त्यांनीं चोरांच्या भयानें अंगणांत कॅमेरा बसविला आहे, आणि तोहि रात्रीं अवरक्त उजेडांतच पाहतो. त्याच्या दृष्टीनें आमच्या खिडकींतून गॅसबत्तीसारखा झोत त्यांच्या परसापर्यंत गेला होता. आम्ही अंधारांत लपून बसलों होतों तें केवळ डोळ्यांपासून.

युद्धांत हीच गोष्ट प्राणांवर बेतते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ सालीं, जर्मनांनीं बंदुकीवर अवरक्त दिवा व दुर्बीण बसवून तिची विजेची पेटी शिपायाच्या पाठीवर दिली होती. त्याच वर्षीं ओकिनावा बेटावर अमेरिकन शिपायांनींहि तसलीच बंदूक वापरली. जपानी सैनिक अंधारांत सरपटत येत, आणि आपल्यावर उजेड पडला आहे हें त्यांना कळतहि नसे. जोंवर एकाच पक्षाजवळ दुर्बीण होती तोंवर हें ठीक चाललें. पण प्रतिपक्षाजवळ नुसती दुर्बीण आली, दिवा नसला तरी चालेल, कीं ज्याचा दिवा पेटला तोच आधीं दिसणार. पुढें व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकनांनीं दिव्यावांचून, ताऱ्यांच्याच प्रकाशावर चालणाऱ्या दुर्बिणी आणल्या, त्याचें एक मोठें कारण हेंच.

न्यायसूत्रांत एक वाद आहे. डोळ्यांतून किरण निघून पदार्थापर्यंत जातात, म्हणून आपल्याला दिसतें, असें सूत्रकारांचें मत. आणि मग ते किरण दिसत कां नाहींत, या शंकेस उत्तर देतांना, रात्रिंचर प्राण्यांच्या डोळ्यांत ते दिसतात कीं, असा दाखला ते देतात. दाखला चुकीचा, मांजराच्या डोळ्यांत पडद्यामागें आरशासारखा थर असतो, त्यावरून बाहेरचाच उजेड परततो. विद्यार्थिदशेंत या मताला मी हंसत असें. पण ही बॅटरी लावलेली दुर्बीण म्हणजे अगदीं सूत्रकारांच्या कल्पनेंतला डोळा: स्वतः किरण सोडतो आणि त्यांनींच पाहतो. असा डोळा खरोखर असता, तर रात्रीं पाहणारा प्रत्येक जण दुसऱ्याला दिसलाच असता, ही अडचण मात्र वकीलसाहेबांच्या कॅमेऱ्यामुळें मला प्रथम सुचली.

ज्यांच्या घरीं असली वस्तु येईल त्यांच्यासाठीं दोन शब्द. बॅटरी चालू आहे कीं नाहीं हें आंत डोकावून पाहूं नये. मोबाइलचा तोंडाकडला कॅमेरा सुरू करून बॅटरीचा झोत भिंतीवर टाकावा. चालू असेल तर पडद्यावर फिकट जांभळट उजेड बहुधा दिसतो. घरांतील दूरचित्रवाणीच्या रिमोटवर हा खेळ मुलांना खुशाल दाखवावा. त्याचा किरण अगदीं दुबळा, त्याचें भय नाहीं. बॅटरी मात्र मुलांच्या हातीं लागूं नये. आमची आतां देवघराच्या वरच्या फडताळांत असते, आणि तिच्यांतील मसाला वेगळा काढून ठेवलेला असतो.

आणि चिकूंचा चोर? तो तिसऱ्या रात्रीं दोन वाजतां आला. प्रथम फांदींत दोन पांढरे दिवे लागले, मग लांबलचक शेपूट दिसलें: चांगलें थोराड उदमांजर! एकेक फळ हुंगून, कच्चें सोडून, पिकलेलें तेवढें तें खात होतें. इतकी पारख आमच्या घरांत कोणाला नाहीं. मातोश्रींना उठवून दुर्बीण त्यांच्या डोळ्याला लावून दिली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, आणि कांहीं न बोलतां आंत जाऊन निजल्या. सकाळीं गडी आला तेव्हां राहिलेले दहा-बारा चिकू त्यांनीं स्वतः पदरांत घालून त्याला नेऊन दिले.

मला राहवलें नाहीं. मीं त्यास सगळी हकीकत सांगितली. दुर्बीण, बॅटरी, तीन रात्रींचें जागरण. तो शांतपणें म्हणाला, "उदमांजर आहे हें मला ठाऊक होतें, गुरुजी. गडग्यावर त्याची विष्ठा पडते, त्यांत चिकूच्या काळ्या बिया असतात. मला कोणी विचारलेंच नाहीं."