पापांची यादी कोणासाठी?

डेव्हिड फिंचर यांचा १९९५ सालचा ‘सेव्हन’ हा चित्रपट पाहून आमचे काही तरुण तो ‘धार्मिक’ असल्याचे सांगतात. प्रायश्चित्तकाळातील व्याख्यानात त्याचा दाखला देण्याचा मोह एखाद्या वक्त्यालाही आवरत नाही. गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि आळस या सात मुख्य पापांवर एक खुनी आपल्या हत्या बेततो. तेव्हा चित्रपट पापाविषयी बोलतो, असा हा युक्तिवाद. आम्ही समीक्षक नव्हे, अधूनमधून चित्रपट पाहणारे साधे प्रेक्षक. तरीही हा युक्तिवाद आम्हांस साफ अमान्य आहे.

चित्रपट भेसूर आहे, ही आमची तक्रार नव्हे. ज्यांच्या वेदीमागे क्रूसावरचा देह असतो, त्यांनी रक्ताला दचकू नये. मॉर्गन फ्रीमन यांनी उभा केलेला, निवृत्तीला टेकलेला पोलीस अधिकारी तर मनात घर करतो. आमची तक्रार पापाच्या हिशेबाविषयी आहे.

पहिला बळी एक लठ्ठ माणूस. तो खादाड होता याचा पुरावा काय? त्याचे शरीर! आळसाबद्दल एक गुन्हेगार वर्षभर खाटेला जखडला जातो. ख्रिस्ती परंपरा ज्याला आळस म्हणते तो हातापायांचा नव्हे. देवाच्या गोष्टींचा कंटाळा तो, आणि पहाटे उठून वाडीत राबणाऱ्यालाही तो जडतो. कामवासनेच्या नावाने मारली जाते ती वेश्या. खुन्याच्या धाकाने गिऱ्हाइकाच्याच हातून तिचा जीव जातो, गिऱ्हाईक मात्र जिवंत राहते. वासना कोणाची आणि मरण कोणाला? योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला ओढून आणणाऱ्यांनी पुरुषाला कोठे सोडले होते?

दिग्दर्शक खुन्याची बाजू घेत नाही, असे उत्तर मिळेल. तरुण अधिकारी मेलेल्यांना निरपराध म्हणतो खरा. परंतु मोटारीतील त्या संवादात सरशी खुन्याची होते, आणि अखेरीस त्याचा बेत तंतोतंत पार पडतो, तोही त्या अधिकाऱ्याच्याच पिस्तुलाने. मत्सराचे कारण तर ऐनवेळी जोडलेले ठिगळ आहे. सात हा आकडा भरायचा होता, दुसरे काय!

वाळवंटातील इव्हाग्रिउस आणि त्यांच्यानंतर योहान कॅसियन यांनी आठ कुविचार सांगितले. सहाव्या शतकात पोप संत ग्रेगरी यांनी सातांची मांडणी केली. ती मठवासीयाने स्वतःच्या मनाची झडती घ्यावी म्हणून. चित्रपटात तीच यादी दुसऱ्याच्या प्रेताशेजारी लिहिली जाते. हे पापाचे चिंतन नव्हे, शेजाऱ्याकडे दाखवलेले बोट आहे, आणि त्या सवयीला आमच्या धर्मग्रामांत उत्तेजनाची मुळीच गरज नाही.

दाखला हवाच असेल तर आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९५३ चा ‘आय कन्फेस’ घ्यावा. क्युबेकमधील एका धर्मगुरूपाशी त्याच्याच निवासातील नोकर खुनाचे कुमसार करतो. पुढे आळ धर्मगुरूवर येतो, आणि तो गप्प राहतो. हा चित्रपट काढायलाच नको होता, असे हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना सांगितले, कारण कॅथलिकेतरांना ते मौन समजत नाही. पूर्वप्रेमाची आठवण त्यात फार लांबते, हेही खरे. परंतु मरताना तो नोकर क्षमा मागतो, आणि ज्याला त्याने फासाच्या दारापर्यंत नेले तोच त्याला पापमुक्ती देतो.