लेट नाइट शो : मॅडम, बघा जरा

भुताचा सिनेमा मल्टिप्लेक्समध्ये बघणं म्हणजे निव्वळ पैसे वाया. शेजारी पॉपकॉर्नची कुरूमकुरूम, पुढे कुणाचा तरी मोबाइल. घाबरणार कधी? म्हणून शनिवारी डहाणू लोकल पकडली आणि कैनाडला मित्राच्या घरी लॅपटॉपवर ‘कान्सेन’ लावला. बाहेर मिट्ट काळोख, रातकिड्यांचं डॉल्बी फुकट. (डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले. त्यामुळे इथे मांडणीवरची भांडी वाजली, तर कुणाला आधी भूत आठवत नाही!)

‘कान्सेन’ म्हणजे संसर्ग. २००४ चा सिनेमा, दिग्दर्शक मासायुकी ओचिआई. निर्माता ताकाशिगे इचिसेच्या ‘जे-हॉरर थिएटर’ मालिकेतला. ‘रिंगू’सारखी केस सोडलेली बाई इथे शोधू नका. इथे आहे डबघाईला आलेलं हॉस्पिटल. पगार थकलेले, सामान संपत आलेलं, स्टाफ अपुरा, लांबच लांब कॉरिडॉर आणि रात्रपाळी.

भाजलेल्या पेशंटचं हृदय थांबतं. गडबडीत कॅल्शियम क्लोराइडऐवजी पोटॅशियम क्लोराइड दिलं जातं. खेळ खल्लास. डॉक्टर आणि नर्सेस ठरवतात, कुठे बोलायचं नाही. तेवढ्यात दारात आणखी एक पेशंट येऊन पडतो, आतून वितळत चाललेला. पुढचं सांगत नाही. शेवटाकडे सिनेमा जरा जास्तच हुशारी करतो, पण पहिला तासभर सॉलिड.

आमच्यातली एक जण डॉक्टर आहे. इंजेक्शनच्या सीनला तिने स्पेसबार दाबला. म्हणाली, ‘‘पोटॅशियम एकदम शिरेत गेलं तर हृदय बंदच पडतं. ते सलाइनमध्ये मिसळून हळूहळू सोडायचं असतं.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘माझ्याकडूनही गेलं असतं.’’

बॉण्डच्या नोकरीतली गोष्ट. सलग दुसरी रात्र, वॉर्डात ती आणि एकच सिस्टर. हिने अँप्यूल फोडलीसुद्धा होती. सिस्टरने लेबल मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, ‘‘मॅडम, बघा जरा.’’

‘‘पेशंट वाचला?’’

‘‘हो. चौथ्या दिवशी चालत घरी गेला.’’

‘‘मग झालं की!’’

‘‘झालं काय? मी सिस्टरवर ओरडले. पेशंटसमोर कशाला वाचलंस म्हणून. ती काहीच बोलली नाही. आणि मीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.’’

कुणी काही बोललं नाही. मित्र चहा टाकायला उठला. सिनेमा तिनेच पुन्हा सुरू केला.