झाकण्याआधी पाहून घ्या

घर बांधायला काढलं की नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो, "कुठपर्यंत आलं?" उत्तरंही ठरलेली असतात. पाया झाला, जोतं आलं, स्लॅब पडला, आता प्लॅस्टर चालू आहे. प्रत्येक उत्तराला "माशाअल्लाह" म्हटलं जातं, मिठाई वाटली जाते. पण "कसं झालं?" असं सहसा कुणी विचारत नाही.

या सदरात आपण नेहमी मुलांचा अभ्यास, शाळा आणि घरातलं वाचन यांवर बोलतो. या वेळी घराच्या बांधकामावर लिहिते आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात सध्या गावोगावी घरं चालू आहेत. कुणाचं घरकुल, कुणाचं स्वतःच्या कमाईचं. बहुतेक घरांत पुरुष कामावर जातात आणि बांधकामाच्या जागेवर दिवसभर असते ती घरातली बाई. तिला मिस्त्रीचा चहा, मजुरांचं पाणी आणि विटा भिजवणं एवढंच काम दिलं जातं. भगिनींनो, माझं म्हणणं असं की तिच्याकडे आणखी एक काम असायला हवं. प्रत्येक टप्पा झाकला जाण्याआधी पाहण्याचं.

घराचं बांधकाम पुस्तकासारखं नसतं. पुस्तकात मागचं पान उलटून पुन्हा वाचता येतं. घरात मात्र प्रत्येक टप्पा आधीचा टप्पा गिळून टाकतो. पायावर माती पडते, सळईवर काँक्रीट पडतं, भिंतीवर प्लॅस्टर चढतं. एकदा झाकलेलं पुन्हा दिसतं ते तडा गेल्यावरच.

माझ्या धाकट्या भावाचं घर गेल्या दिवाळीनंतर सुरू झालं. भाऊ नोकरीला नांदेडला, घरी येतो शनिवारी रात्री. त्यामुळे कामावर उभी राहिली ती भाभी. ती उर्दू माध्यमातून दहावी झालेली. तिने शंभर पानी वही घेतली आणि रेघा मारून रकाने पाडले: तारीख, काय आलं, किती आलं, काय झालं, काय विचारायचं. शेवटचा रकाना सर्वात जास्त भरला. माझं घर जवळच असल्यामुळे शाळा सुटल्यावर मी तिकडे चक्कर मारत असे, आणि ती वही मला वाचायला मिळे.

पहिला प्रश्न पायाचाच होता. आपल्याकडची काळी माती कपाशीला चांगली, पण घराला अवघड. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्या मातीतच थांबला तर तोही दरवर्षी तिच्याबरोबर वरखाली होतो आणि भिंतींना तिरके तडे जातात. म्हणून काळी माती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं. गुत्तेदाराने बोलीत चार फूट खोदाई धरली होती. चार फुटांवर माती काळीच होती. भाभीने भावाला फोन करून विचारलं आणि जास्तीच्या खोदाईचे पैसे कबूल केले. साडेपाच फुटांवर मुरूम लागला. खड्ड्यातून निघालेली काळी माती जोत्याच्या आत भरायची तयारी चालली होती, कारण ती फुकट होती. तिने ती उचलून टाकायला लावली. जोत्यात मुरूमच भरला, थराथराने, पाणी मारून, धुमस करून. वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलं आहे, "मुरूम पाहिला. हाताने फोडला, लवकर फुटला नाही."

दुसरा प्रश्न कॉलमच्या रिंगांचा. उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या या लोखंडी रिंगा. त्यांची टोकं नुसती काटकोनात वळवून सोडली तर मोठ्या हादऱ्यात रिंग उघडते आणि सळया बाहेर फाकतात. टोकं आणखी आत, कॉलमच्या गाभ्याकडे वळलेली हवीत. आमच्या इंजिनिअरने नकाशात तसं काढूनही दिलं होतं. मिस्त्रीचाचा म्हणाले, "भाभी, तीस वर्षं झाली मला हे काम करताना."

ती म्हणाली, "चाचा, तुमच्या हातावर शंका नाही. पण उद्या हे काँक्रीटच्या आत जाईल. मग मला दिसणार नाही, तुम्हालाही दिसणार नाही. आजच नकाशाप्रमाणे करून दाखवा."

चाचांनी थोडी कुरकुर केली, पण केलं. या प्रश्नाला मी किरकोळ मानत नाही, कारण आपला जिल्हा हादरे ओळखतो. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातल्या लोकांनी जमिनीतून येणारे आवाज वर्षानुवर्षे ऐकले आहेत. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. रमजान चालू होता. सहरी आणि फजर उरकून अनेक जण नुकतेच आडवे झाले होते. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का आला आणि नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. अल्लाहच्या कृपेने मोठी हानी झाली नाही. पण घर बांधणाऱ्याने हे दोन दिवस विसरू नयेत.

यापुढची आठवण तर साऱ्या मराठवाड्याची आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारी. त्या भागातली जुनी घरं जाड दगडी भिंतींची आणि वर मातीच्या जड माळवदाची. भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर वेगवेगळा रचलेला, दोघांना जोडणारे आरपार दगड नाहीत, सांध्यात नुसती माती. दिसायला किल्ल्यासारख्या भक्कम असलेल्या त्या भिंती काही सेकंदांत ढासळल्या आणि हजारो माणसं झोपेतच गेली. भिंतीची जाडी सगळ्यांना दिसत होती. आतली जोड मात्र कुणालाच दिसत नव्हती.

त्यानंतर जे झालं ते आपल्या मुलींना सांगण्यासारखं आहे. ५२ गावं नव्याने वसवली गेली. त्याशिवाय शेकडो गावांत लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. या दुरुस्तीत काम करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर होती आणि मदत टप्प्याटप्प्याने मिळत होती. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावी 'संवाद सहाय्यक' म्हणून बायका पुढे आल्या. कमी शिकलेल्या, शेतात राबणाऱ्या बायका. त्यांनी बांधकामाची माहिती करून घेतली, दुसऱ्यांच्या घरी जाऊन समजावून सांगितली आणि गवंड्याच्या कामावर नजर ठेवली. म्हणजे घराचं बांधकाम बाईने पाहावं ही शहरातून आलेली नवी टूम नाही. मराठवाड्याने ती मोठी किंमत मोजून शिकलेली गोष्ट आहे.

आता वाळूकडे येऊ. वाळू महाग आणि त्यातही मातकट. माझ्या भाचीने, ती आठवीत आहे, यावर शाळेतला साधा प्रयोग केला. काचेच्या सरळ बरणीत निम्मी वाळू घेतली, वर पाणी भरलं, चिमूटभर मीठ टाकलं, जोरात हलवून दोन-तीन तास ठेवली. वाळू खाली बसली आणि तिच्यावर गाळाचा थर आला. हा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. म्हणजे वाळू दहा सेंटीमीटर असेल तर गाळ आठ मिलिमीटरच्या आत हवा. पहिल्या गाडीचा गाळ बोटाच्या पेराएवढा निघाला. बरणीच दाखवल्यावर वाद घालायला जागा उरली नाही. ती वाळू चाळून धुतल्यावरच वापरायची असं ठरलं.

खरी कसोटी स्लॅबच्या दिवशी लागली. काँक्रीट घट्ट असलं की पसरवायला कष्ट पडतात, म्हणून मजूर मिक्सरमध्ये पाणी वाढवत जातात. माल पातळ होतो, काम भराभर उरकतं, आणि वाळल्यावर त्याच पाण्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. घरगुती स्लॅबच्या नेहमीच्या मिश्रणात सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको. १५ लिटरच्या दोन बादल्या झाल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. भाभी मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसली आणि तिसरी बादली उचलली गेली तेव्हा तिने हात आडवा केला.

गुत्तेदार चिडला. त्याने भावाला फोन लावला, "तुमच्या घरच्यांना सांगा, असं असेल तर काम बंद करतो." अर्धा स्लॅब पडलेला, मजूर थांबलेले, शेजारी गच्चीवरून बघत असलेले. एखादी बाई अशा वेळी पदर सावरून आत निघून जाते, आणि आपण तिला समजूतदार म्हणतो. भाऊ फोनवर म्हणाला, "तिथे मी नाही, ती आहे. ती सांगेल तसं करा." काम पाच मिनिटं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं, दोनच बादल्यांनी. व्हायब्रेटर जास्त वेळ फिरवावा लागला, संध्याकाळचे सात वाजले. मला वाटतं, त्या घराचा सर्वात भक्कम बीम म्हणजे भावाचं ते एक वाक्य.

स्लॅब पडला की लोक निश्चिंत होतात, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. सिमेंट घट्ट होतं ते पाणी धरून ठेवल्याने. मिस्त्री याला तराई म्हणतात. आजकालचं बहुतेक सिमेंट राख मिसळलेलं, गोणीवर पीपीसी लिहिलेलं असतं. त्याला किमान दहा दिवस ओल हवी, चौदा दिवस दिली तर उत्तम. स्लॅबवर मातीची किंवा मसाल्याची आळी करून पाणी साठवावं. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळावं, कारण उभ्या कॉलमवर मारलेलं पाणी लगेच निथळून जातं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे प्यायलाच पाणी नसतं, तेव्हा स्लॅबला कुठून आणणार? म्हणून जमलं तर दिवाळीनंतर काम काढून हिवाळ्यात स्लॅब टाकावा.

घरकुल मिळालेल्या भगिनींसाठी दोन शब्द. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपयांची मूळ मदत हप्त्यांनी मिळते. पुढच्या हप्त्यासाठी कामाच्या टप्प्याचा फोटो काढून ॲपवर चढवला जातो. तो फोटो जोतं उभं राहिलं एवढं सांगतो. जोत्यात मुरूम आहे की काळी माती, हे फोटोला दिसत नाही. ते तुम्हालाच पाहावं लागेल.

व्याजाचं कर्ज टाळायचं म्हणून आपल्यातली अनेक कुटुंबं एक मजला आज, दुसरा पाच-दहा वर्षांनी असं बांधतात. बिनव्याजी उसनवारी, बचत आणि सबर यांवर उभं राहिलेलं घर नक्कीच बरकतीचं. फक्त गच्चीवर उघड्या राहिलेल्या कॉलमच्या सळया पाहा. पावसात त्या गंजतात, आणि दुसरा मजला त्याच गंजलेल्या सळयांवर उभा राहतो. त्यांना सिमेंटचं घट्ट पाणी फासावं किंवा हलक्या काँक्रीटने झाकून ठेवावं. नंतर ते फोडून काढता येतं.

शेवटची गोष्ट वहीच्या शेवटच्या पानाची. तिथे पैशाचा हिशोब आहे. भावाची बारा वर्षांची बचत, मामूंकडून घेतलेली उसनवारी, आणि एका ओळीत "माझे दागिने, पाच तोळे". मेहर असो की माहेरचं सोनं, बाईची मालमत्ता तिचीच असते, हे आपल्या शरीयतमध्ये स्पष्ट आहे. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे. तरी आपल्या घरांत बाईचं सोनं पायात जातं आणि त्याचा कागद कुठेच नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये एकट्या भावाचं नाव होतं. मी जेवताना विषय काढला. भाऊ म्हणाला, "आपा, घर तर तिचंच आहे." मी म्हटलं, मग लिहायला काय हरकत आहे? तो बराच वेळ गप्प बसला. आता दोघांच्या नावाचा कागद पुढच्या महिन्यात करायचं ठरलं आहे. वकिलाशी बोलणं झालं आहे. घरकुल योजनेतसुद्धा घर पत्नीच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे देण्यावर भर आहे. सरकारला जे सुचलं ते आपल्याला घरातल्या घरात सुचायला काय हरकत आहे?

तेव्हा तुमच्याकडे काम निघालं असेल तर आजच एक वही करा. मिस्त्रीशी आदराने बोला, त्याचा चहा चुकवू नका, पण काहीही झाकण्याआधी पाहायला मागा. सळई झाकण्याआधी, पाया बुजवण्याआधी, आणि तुमच्या सोन्याचा हिशोब संसाराच्या रगाड्यात पुरला जाण्याआधीही.