आधी फूल, मग पान

मुलांनो, थंडी सरत आली की इंग्लंडमधली माणसं फुलं बघायला रानात जातात. तिथल्या एक्समूर भागात एक छोटीशी दरी आहे. तिचं नावच 'स्नोड्रॉप व्हॅली'! स्नोड्रॉप म्हणजे वीतभर उंचीचं, मान खाली घातलेलं पांढरंशुभ्र फूल. फेब्रुवारीत तिथल्या झाडांना पालवी फुटलेली नसते. ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं आणि तेवढ्या संधीत ही फुलं उमलून घेतात. त्या दिवसांत दरीतला रस्ता मोटारींना बंद ठेवण्याची पद्धत पडली होती. लोक बसने नाहीतर पायी जात. एवढ्याशा फुलाचा केवढा मान, नाही का?

हे ऐकून माझी आठवीतली भाची हिरमुसली. म्हणाली, "मामा, आपल्या नागपुरात कुठे बर्फ पडतो? आपल्याकडे असं काही नाहीच!"

"नाही कसं? रविवारी पहाटे तयार राहा," मी म्हटलं.

गेल्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. गणेशपेठच्या बसस्थानकावरून आम्ही रामटेकची एसटी पकडली. कामठी गेलं, कन्हानचा पूल गेला, मनसरला बस वळली. रामटेक नागपूरपासून ५० किलोमीटरच्या आसपास. गडावर रामाचं देऊळ आहे, कालिदासाचं स्मारक आहे; पण त्या दिवशी आम्ही गड चढलो नाही. टेकड्यांच्या पायथ्याच्या रानात शिरलो. सागाची मोठाली वाळकी पानं पायाखाली करकर वाजत होती. सगळं रान कसं राखाडी, उघडंबोडकं!

आणि एका वळणावर भाची थबकलीच. समोर १५-२० झाडं. अंगावर पान म्हणून नाही, पण फांदी न् फांदी शेंदरी फुलांनी लगडलेली. पळस फुलला होता!

खाली पडलेलं एक फूल उचलून मी तिच्या तळहातावर ठेवलं. तुम्हीही असंच करून बघा. फुलाच्या बुडाशी काळपट मखमली वाटी असते आणि तिच्यातून बाहेर डोकावते पोपटाची वाकडी चोच! म्हणूनच संस्कृतात पळसाला 'किंशुक' म्हणतात. किं शुक? म्हणजे, हा पोपट तर नव्हे? या झाडाचं नाव इतिहासातही शिरलं आहे बरं का. १७५७ साली प्लासीची लढाई झाली ना, ते प्लासी म्हणजे बंगालमधलं पलाशी गाव. पळसावरूनच त्याचं नाव पडलं.

"पण मामा, पानं कुठे गेली?"

प्रश्न अगदी बरोबर! पानांतून पाण्याची वाफ सतत उडत असते. पाऊस संपून महिने झाले, जमीन कोरडी पडत चालली. मग झाड पानं गाळून पाणी वाचवतं. शिवाय पानांचा आडोसा गेला, की फुलं पाखरांना लांबूनही दिसतात. पळसाच्या फुलाला वास जवळजवळ नाहीच, पण मध भरपूर. आम्ही बघत होतो तेवढ्यात साळुंक्या आल्या, बुलबुल आले, इवलासा शिंजीरही आला. गुलाबी अंगाची नि काळ्या डोक्याची भोरडी तर हिवाळ्यात पार मध्य आशियातून आपल्याकडे येते. पळसावर ती इतकी रमते, की तिचं दुसरं नावच 'पळसमैना'. ही पाखरं मध पितात, त्यांच्या डोक्याला पराग चिकटतात आणि दुसऱ्या फुलावर पोचतात. झाला सौदा पुरा!

भाचीला मात्र होळीच्या रंगासाठी फुलं हवी होती. तिने एक फांदी खाली ओढली, तोच मागून आवाज आला, "काहून तोडून राहिली वं पोरी?"

टोपलं घेऊन फुलं वेचणाऱ्या एक आजी होत्या. म्हणाल्या, "खाली इतके पडेल हायेत, ते घे ना. झाडावरचे पाखरायचे हायेत."

भाचीने फांदी सोडली. आजींचं म्हणणं खरंच होतं. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते. त्याच्या शास्त्रीय नावातला 'मोनोस्पर्मा' हा शब्दही तेच सांगतो, एकबीजी. मग आम्ही खालचीच फुलं वेचली. रात्री आईने ती पाण्यात उकळली, सकाळी फडक्यातून गाळली. काय सुरेख केशरी-पिवळा रंग झाला म्हणून सांगू!

आता खरी गोष्ट. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या घरामागच्या मैदानात ११ पळस होते. एक तर आमचा स्टंपच होता. मग ले-आउट पडलं आणि एकेक झाड गेलं. तोडणारे काही दुष्ट नव्हते. हिवाळ्यात पानं झडलेलं झाड दिसलं, की म्हणायचे, "हे तर वाळलंय, काढून टाका." आता एकच उरला होता आणि त्याच्याबद्दलही शेजारचे काका हेच म्हणत होते.

रामटेकहून आल्यावर भाची त्यांना हात धरून झाडाखाली घेऊन गेली. फांद्यांवर काळपट मखमली कळ्यांचे घोस आले होते. "वाळलं नाही काका, नीट बघा ना!"

काकांनी चष्मा पुसून पाहिलं. "बरं, थांबू थोडं," म्हणाले.

आठवडाभरात झाड फुललं. एप्रिलमध्ये कोवळी पालवीही आली. 'कुठेही जा, पळसाला पानं तीनच' असं आपण म्हणतो ना? खरं तर ते पान एकच, तीन पर्णिकांचं. तेही भाचीने काकांना समजावून सांगितलं. झाड अजून उभं आहे.

तेव्हा दोस्तांनो, येत्या फेब्रुवारीत एवढं करा. आपल्या गल्लीतलं, शाळेच्या वाटेवरचं एखादं उघडं झाड शोधा. त्याच्या फांद्या निरखून बघा. आणि कुणी 'वाळलं' म्हणालं, तर त्यांना जरा थांबायला सांगा. सांगाल ना?